अडीच फूट

नारी रोडच्या पुढे, उप्पलवाडीची गोदामं संपतात तिथे
सात घरांसाठी जागा होती एका लग्नाच्या मांडवाइतकी.
घर प्रत्येकी तीनशे वीस चौरस फूट.
पहिल्या दिवशी मी फक्कीने जमिनीवरच नकाशा आखला
आणि सगळ्यांना म्हटलं, आपापल्या घरात उभे राहा.
लोक हसले.
मग हळूहळू कुजबुजत बोलू लागले,
भिंती असल्यासारखे.

बोअर एकच, टाकी एकच,
वॉशिंग मशीन एकच, जिन्याखाली.
सौर पाट्या साऱ्यांच्या मिळून पराते यांच्या छपरावर.
अंगणातला कडुनिंब तोडायचा नाही, त्याच्याभोवती ओटा.
यादी लांबत गेली,
प्रत्येक ओळीपुढे मी लिहीत होते: सामायिक, सामायिक.
यशोधरा गजभिये, मेडिकलला रात्रपाळी करणारी नर्स,
सगळ्यात शेवटी बोलली.
"मॅडम, मी दिवसा झोपते.
सारं एकत्र करून राहिले तुम्ही, चांगलंच हाय.
पण माझी दुपार कोणाच्या नावावर टाकली?"

मी खोडरबर शोधलं.
तिची खिडकी अंगणावरून काढून मागच्या बोळात नेली,
उत्तरेला, जिथे फक्त मांजर जाईल.
मग बाकी सहा घरांकडे पाहिलं
आणि लाजले.
तोंड सगळ्यांना दिलं होतं,
पाठ कोणालाच नाही.

विटा कोराडीच्या राखेच्या.
फागूलाल मिस्त्री त्या आडव्या न टाकता उभ्या लावायचा,
दोन पदरांमध्ये चार बोटं हवा सोडून.
देवाजी पराते रोज संध्याकाळी येऊन भिंत ठोकून बघत.
"आतून पोकळ हाय बाप्पा. टिकते काय?"
मी म्हटलं, शेहेचाळीस चढू द्या, मग सांगा.
ऊन मधल्या पोकळीत येऊन बसेल, घरात येणार नाही.
(त्यांचा खोकलाही तिथेच बसेल,
हे मी बोलले नाही.)

खरं वाजलं ते गच्चीवरून.
मे महिन्यात इथला माणूस घरात राहत नाही, गच्चीवर राहतो:
दिवस कलला की पाणी शिंपायचं,
सिमेंट सुस्कारे टाकतं ते ऐकायचं, गादी टाकायची.
सात गच्च्या सलग. मध्ये भिंत केवढी?
कोणी म्हणालं सहा फूट, घरात सून आहे.
कोणी म्हणालं भिंत कशाला, चुन्याची रेघ ओढा.
इंदू बारापात्रे म्हणाली, रेघेवर तर आमचे भाऊ वेगळे झाले.

त्या रात्री मनीषनगरच्या माझ्या फ्लॅटमध्ये
मी टेप घेऊन फरशीवर आडवी झाले.
(समोरच्या दाराची घंटा कशी वाजते,
सात वर्षांत मला माहीत नाही.)
आधी झोपून मोजलं, मग उठून बसून,
डोळ्यांपासून जमिनीपर्यंत.
अडीच फूट.
आडवं झालं की आपण आणि आभाळ.
बसलं की पलीकडच्याला तांब्या देता येतो.

सगळ्यांनी माना डोलावल्या. फागूलालने नाही.
त्याने प्रत्येक मधल्या भिंतीच्या पायथ्याशी
आणखी दोन थरांपुरत्या विटा कोरड्याच रचून ठेवल्या.
विचारलं तर म्हणाला,
"झगरा होही, त काम आही."
भांडण होईल, तेव्हा लागतील.
बिलात त्याने त्या धरल्या नव्हत्या.

पुढच्या मेमध्ये गेले.
अंगणात कोणाचा तरी कूलर उघडा पडलेला, खसाचा ओला वास,
दोन पोट्टे त्याच्या पंप्यावर वाद घालत.
वर जाऊन पाहिलं,
पराते आणि गजभिये यांच्यामध्ये विटा चढल्या होत्या,
दोन्ही थर, सिमेंट नाही,
बसलेला माणूसही दिसू नये इतपत.
म्हणे, पहाटेचा रेडिओ.
म्हणे, टाकीचं पाणी.
मी काही विचारलं नाही.

एक वीट मात्र लावलेली नव्हती.
त्या फटीतून
देवाजींच्या बोर्डातून निघालेली चार्जरची वायर
पलीकडे यशोधराच्या गादीपर्यंत गेली होती.